युलिमिटचे 256 आणि एका मुलीचे गेलेले गुण

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये विद्यार्थ्यांनी खरेपणाने लिहिलेले आकडे चूक ठरवले जातात, त्याबद्दल.

महोदय,

मी धनकवडीला राहते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात 1991 पासून 2022 पर्यंत प्रयोगशाळा सहायक होते. शिकवण्याचं काम माझं नव्हतं. मशीन सुरू करून देणं, सॉफ्टवेअर टाकणं, सबमिशनच्या आठवड्यात प्रिंटरला कागद पुरवणं आणि परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येण्याआधी चोवीसच्या चोवीस मशीन चालतायत ना हे बघणं, हे माझं काम. पण 31 वर्षं मुलांच्या पाठीमागे उभं राहून त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळायला लागतात. त्यातल्याच एका गोष्टीबद्दल हे पत्र आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण पुण्यात जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एखादं तरी मूल इंजिनिअरिंगला असतं, म्हणून आपण जागा द्याल अशी आशा आहे.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. कॉम्प्युटरला तिसऱ्या वर्षाला आहे. वडील पीएमपीमध्ये कंडक्टर आहेत. तिला लॅपटॉप घेतला तो तपकीर गल्लीतून, जुना. त्यात विंडोज होतं आणि आधीच्या मालकाने टाकलेलं सिग्विनही होतं. सिग्विन म्हणजे विंडोजवरच युनिक्ससारखं वातावरण देणारं सॉफ्टवेअर. (युनिक्स ही एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स तिच्याच धर्तीवरचं.) 1995 मध्ये सुरू झालेलं आहे आणि आजही वापरात आहे. काळ्या खिडकीत बॅश नावाचं शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, उघडतं आणि एलएस, ग्रेप, सेड या सगळ्या कमांड चालतात. मुलगी खूश होती. कॉलेजच्या लॅबमध्ये जे करायचं ते घरी बसून करता येत होतं. वेगळं लिनक्स टाकायला त्या लॅपटॉपमध्ये जागाही नव्हती.

जर्नलमध्ये एक प्रयोग असतो, ‘शेलमधील रिसोर्स लिमिट’. प्रोग्रामला किती फाइल्स, मेमरी, वेळ वापरू द्यायचा त्या मर्यादा दाखवणारी ‘युलिमिट -ए’ ही कमांड द्यायची, येणारी यादी लिहून काढायची आणि त्यातल्या दोन-तीन मर्यादा बदलून काय होतं ते दाखवायचं. तिने घरी केला. उघड्या फाइल्सची मर्यादा 256 आली, तिने 256 लिहिली. स्टॅकसमोर (फंक्शनच्या हाकांसाठी लागणारी मेमरी, केबीमध्ये) 2032 आलं, तिने 2032 लिहिलं. लॅबमधल्या लिनक्सवर ते आकडे 1024 आणि 8192 असे येतात आणि आप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या तयार मॅन्युअलमध्येही तेच छापलेले आहेत. बॅचमधल्या बाकी सगळ्यांनी 1024 लिहिलं होतं. फक्त आणखी एका मुलाच्या जर्नलमध्ये 256 होतं. तो बाणेरचा, त्याच्याकडे ॲपलचा मॅक. एक्स्टर्नलनी दोन्ही जर्नलं शेजारी ठेवली, दोन्हीकडे तोच ‘चुकीचा’ आकडा बघितला आणि लाल पेनाने दोघांच्याही पानावर ‘कॉपी?’ असं लिहिलं. मुलीला 25 पैकी 11 मिळाले. ओरलला तिने सांगायचा प्रयत्न केला, पण रडू आलं आणि सांगणं राहूनच गेलं.

ती रात्री जर्नल घेऊन माझ्याकडे आली. “काकू, मी खरंच माझ्याच लॅपटॉपवरून लिहिलंय. त्या मुलाशी मी कधी बोललेसुद्धा नाहीये.” मी तिचा लॅपटॉप उघडायला लावला आणि कमांड द्यायला सांगितली. स्क्रीनवर 256 आलं.

महोदय, जुन्या सिग्विनमध्ये उघड्या फाइल्सची मर्यादा 256 च दिसते. मॅकच्या टर्मिनलमध्येही सुरुवातीची मर्यादा 256 च असते. दोन अगदी वेगळ्या यंत्रणा, कारणंही वेगळी, आकडा मात्र योगायोगाने एकच. हे ज्याला माहीत नाही त्याला ती कॉपी वाटणार. पण परीक्षकाला ते माहीत असायला हवं, किंवा निदान ‘हा आकडा कुठून आला?’ असं शांतपणे विचारायला हवं. दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

आता मुळात असं का होतं, ते मी लॅबमध्ये मुलांना जसं सांगायची तसंच सांगते.

युलिमिट ही शेलची कमांड असली तरी मर्यादा शेल सांभाळत नाही. शेल फक्त निरोप्या आहे. ‘माझ्या आणि माझ्या पोटी जन्मणाऱ्या प्रोग्रामांच्या फाइल्स इतक्याच उघडू दे’ असा निरोप तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, देतो आणि पुढची सगळी राखण कर्नल करतं. ही सोय बर्कलीच्या युनिक्समध्ये, 4.2 बीएसडीमध्ये, 1983 साली आली. प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, नावावर कर्नलमध्ये एक छोटा तक्ता असतो आणि प्रत्येक ओळीत दोन आकडे. एक सॉफ्ट, म्हणजे आत्ता लागू असलेला. दुसरा हार्ड, म्हणजे सॉफ्ट आकडा वाढवत न्यायची कमाल हद्द. नवी प्रोसेस जन्मली की आईचा तक्ता तिला वारशाने मिळतो. म्हणूनच युलिमिट ही शेलच्या आतलीच कमांड असावी लागते. ती वेगळा प्रोग्राम असती तर स्वतःचा तक्ता बदलून मरून गेली असती आणि शेलला त्याचा पत्ताही लागला नसता. ‘सुडो युलिमिट’ (सुडो म्हणजे दुसरा प्रोग्राम जास्त अधिकाराने चालवणारी कमांड) असं लिहून ‘कमांड सापडली नाही’ म्हणत माझ्याकडे येणारी मुलं दरवर्षी असायची, त्याचंही कारण हेच.

म्हणजे युलिमिटचं उत्तर हे खालच्या कर्नलचं उत्तर असतं. सिग्विनच्या खाली युनिक्सचं कर्नल नाहीच, विंडोजचं आहे. मधे सिग्विनची एक डीएलएल बसलेली आहे, ती युनिक्सच्या भाषेतले निरोप घेते आणि विंडोजला समजतील असे करून देते. फाइल उघड, फाइल वाच, नवी प्रोसेस सुरू कर, एवढं तिला जमतं. पण ‘या प्रोसेसला एवढाच सीपीयू वेळ’ किंवा ‘या वापरकर्त्याला एवढ्याच प्रोसेस’ असा युनिक्ससारखा तक्ता विंडोजच्या कर्नलमध्ये नसतो. विंडोज 2000 पासून तिथे जॉब ऑब्जेक्ट नावाची सोय आहे. काही प्रोसेसची एक मोट बांधायची आणि त्या मोटेला मेमरी, वेळ, संख्या यांची मर्यादा घालायची. चांगली सोय आहे, पण तिची ठेवण वेगळी आहे. ती एका-एका प्रोसेसच्या तक्त्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

मग सिग्विन काय करतं? काही आकडे खरे सांगतं आणि काही नुसते दाखवण्यापुरते. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘6 व्यक्ती’ अशी पाटी आहे. सातवा माणूस चढला की लिफ्ट पीं पीं वाजते आणि हलत नाही. समोरच्या जुन्या इमारतीतही तीच पाटी आहे, पण तिथे आठ जण चढले तरी लिफ्ट कुरकुरत वर जाते. लिनक्सवरचं युलिमिट आमच्या लिफ्टसारखं आहे. सिग्विनवरच्या बऱ्याचशा ओळी समोरच्या लिफ्टसारख्या, नुसती पाटी.

पाटी आणि खरी मर्यादा यांतला फरक कसा ओळखायचा हे मुलांना शिकवलं पाहिजे, आणि ते अवघड नाही. मर्यादा बदलून बघायची. मी त्या मुलीला ‘युलिमिट -टी 5’ द्यायला सांगितलं, म्हणजे पाच सेकंदांपेक्षा जास्त सीपीयू वेळ नाही. सिग्विनने लगेच सांगितलं, ‘कॅनॉट मॉडिफाय लिमिट: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. हा संदेश प्रामाणिक आहे. ‘हे माझ्या हातात नाही’ असं तो स्पष्ट सांगतो. तिच्या मॅन्युअलमध्ये मात्र पुढच्याच ओळीत छापलं होतं की अनंत लूपचा प्रोग्राम पाच सेकंदांनी आपोआप मारला जाईल. तिने संदेशाकडे दुर्लक्ष करून लूप चालवला असता तर तो दिवसभर चालला असता.

आणि लिनक्सवरसुद्धा इथे एक बारकावा आहे, तो मॅन्युअलमध्ये कधीच नसतो. नुसतं ‘युलिमिट -टी 5’ म्हटलं की बॅश सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही आकडे 5 करतं, आणि प्रोग्राम थेट मारला जाऊन ‘किल्ड’ एवढंच दिसतं. कॅपिटल ‘-एस’ जोडून फक्त सॉफ्ट बदलला तर आधी इशाऱ्याचा सिग्नल जातो आणि ‘सीपीयू टाइम लिमिट एक्सीडेड’ असं दिसतं. दोन्ही बरोबर. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाने ‘किल्ड’ लिहिलं म्हणून त्याचे दोन गुण कापले गेले होते, ते मला अजून टोचतं. तेव्हा मी गप्प बसले. प्रयोगशाळा सहायकाने परीक्षकाच्या मधे बोलायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत होती.

हार्ड मर्यादेचीही तीच गत. एखादं मूल ‘युलिमिट -एन 20’ देऊन, म्हणजे उघड्या फाइल्सची मर्यादा 20 करून, बघतं, मग परत 1024 करायला जातं आणि ‘परवानगी नाही’ असं ऐकून घाबरतं. हार्ड आकडा एकदा खाली आणला की साध्या वापरकर्त्याला तो पुन्हा वर नेता येत नाही, तो अधिकार फक्त रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचा. पण तो तक्ता त्या एका शेलचाच असतो. “खिडकी बंद कर, नवीन टर्मिनल उघड,” हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेन.

स्टॅकचं सांगते, कारण तिथे मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा 8 एमबी. त्या रात्री आम्ही एक छोटा सी प्रोग्राम लिहिला. स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन, आणि प्रत्येक हाकेत एक केबीचा ॲरे. माझ्या लिनक्सच्या मशीनवर तो साडेसात हजार हाकांच्या आसपास पडला. तिच्या सिग्विनवर 1,900 च्या जवळपास पडला. तिने विचारलं, “काकू, माझा लॅपटॉप खराब आहे का?” लॅपटॉप खराब नव्हता. विंडोजवर स्टॅकचं माप प्रोग्रामच्या फाइलमध्येच, लिंक करताना, म्हणजे कंपाइल केलेले तुकडे जोडून प्रोग्राम तयार करताना, लिहून ठेवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नेहमी 1 एमबी लिहितो, सिग्विनचा जीसीसी हा कंपायलर 2 एमबी. शेलमध्ये नंतर कितीही ‘युलिमिट -एस 16384’ (हा स्मॉल एस, स्टॅकचा) म्हटलं तरी ते बदलत नाही, सिग्विन पुन्हा तोच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ सांगतं. कंपाइल करतानाच लिंकरला जास्त स्टॅक मागून घ्यावा लागतो. आम्ही तसा 16 एमबी मागितला आणि तोच प्रोग्राम लिनक्सपेक्षाही खोल गेला. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. लिनक्सवर मात्र शेलमध्ये आकडा वाढवून प्रोग्राम पुन्हा चालवला की पुरतं. मॅकवरही वाढवता येतो, पण साधारण 64 एमबीच्या वर हार्ड मर्यादा जाऊ देत नाही. एकच प्रश्न, ‘स्टॅक वाढवून दाखवा’, आणि तीन यंत्रणांवर तीन बरोबर उत्तरं.

इतकंच काय, एकाच लिनक्स मशीनवर दोन बरोबर उत्तरं येऊ शकतात. फाइल किती मोठी होऊ द्यायची ती मर्यादा ‘-एफ’ ने लावतात. अगदी जुन्या युनिक्समध्ये युलिमिट म्हणजे तेवढंच होतं, आणि ते 512 बाइटच्या ठोकळ्यांत मोजायचे. बॅश 1024 बाइटचा ठोकळा धरतं. पण उबुंटूमध्ये 2006 पासून ‘एसएच’ म्हटलं की बॅश चालत नाही, डॅश नावाचं हलकं शेल चालतं, आणि ते 512 धरतं. ‘युलिमिट -एफ 100’ बॅशमध्ये टाइप केलं तर फाइल 1,02,400 बाइटवर थांबते. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये लिहून ‘एसएच’ने चालवली तर 51,200 वर. मी हे एकदा एका नव्या सरांना दाखवलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात दोन्ही करून दाखवलं आणि मुलांना कारण शोधायला लावलं. असे शिक्षकही आहेत, हे मुद्दाम सांगते.

आता ज्या गोष्टीमुळे मी पेन हातात घेतलं, ती सांगते. गुण गेले ते वाईटच झालं, पण हे त्याहून काळजीचं आहे. मॅन्युअलमध्ये शेवटचा प्रयोग असतो तो प्रोसेसच्या संख्येच्या मर्यादेचा. ‘युलिमिट -यू 50’ द्या आणि मग फोर्क बॉम्ब चालवून दाखवा, मर्यादेमुळे मशीन वाचते हे सिद्ध करा. फोर्क बॉम्ब म्हणजे स्वतःच्याच दोन-दोन प्रती काढत सुटणारी एका ओळीची कमांड. लिनक्सवर साध्या वापरकर्त्याने मर्यादा लावून चालवली तर काही बिघडत नाही, ‘फोर्क: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असा पाऊस पडतो आणि मशीन शाबूत राहते. सिग्विनमध्ये ‘-यू’ समोर 256 दिसतं, पण ती पाटी आहे. बदलायला गेलं की नकार येतो. आणि मॅन्युअलवर विश्वास ठेवून पुढची ओळ टाइप केली की अडवणारं कुणीच नसतं. गेल्या वर्षी कात्रजच्या एका मुलाने घरी तेच केलं. लॅपटॉप गोठला, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, आणि उघडी असलेली प्रोजेक्ट रिपोर्टची फाइल गेली. सबमिशनच्या आदल्या दिवशी. त्याची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली होती. फाइल मला परत मिळवून देता आली नाही.

रूट म्हणून काम करणाऱ्यालाही हा धोका आहे, कारण लिनक्समध्ये ही मर्यादा रूटला लागूच होत नाही. पुष्कळ मुलं डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच वेगळ्या केलेल्या लिनक्सच्या कप्प्यात, प्रयोग करतात आणि तिथे सहसा रूटच असतात. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही.

ही मर्यादा प्रत्येक शेलसाठी वेगळी नसते, त्या वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस एकत्र मोजून लागते, हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2001 च्या सुमारास आमच्याकडे एकच लिनक्स सर्व्हर होता आणि मुलं आपापल्या मशीनवरून टेलनेटने त्यात शिरायची. प्रत्येक बॅचला एकच लॉगिन. एका दुपारी बॅच बसली आणि कुणालाच साधी एलएससुद्धा करता येईना. सकाळच्या एका मुलाने प्रोसेस सुरू करून तशाच सोडून दिल्या होत्या, आणि त्या बॅचच्या नावावरची सगळी मर्यादा त्यांनीच खाल्ली होती. मी रूटने आत जाऊन त्या मारल्या तेव्हा कुठे प्रॅक्टिकल सुरू झालं. त्या दिवसापासून बॅच उठली की उरलेल्या प्रोसेस साफ करायची मी सवयच लावून घेतली.

बाकीच्या यंत्रणांबद्दल थोडक्यात सांगते. हल्ली पुष्कळ मुलं विंडोजवर गिट बॅश वापरतात. ते सिग्विनच्याच पोटातून आलेलं आहे, म्हणून वागणंही तसंच. फरक एवढाच की नव्या आवृत्त्यांत उघड्या फाइल्ससमोर 256 ऐवजी 3200 दिसतं. म्हणजे पुढच्या वर्षी कुणी 3200 लिहिलं तर त्यालाही लाल पेन लागणार का? विंडोजमध्येच लिनक्स चालवून देणारी डब्ल्यूएसएल ही सोय 2016 पासून आहे, आणि तिच्या 2019 नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीत खरंखुरं लिनक्स कर्नल आहे. तिथे युलिमिट लॅबमधल्यासारखंच काम करतं. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये जागा आणि मेमरी आहे त्यांना मी तेच टाकून देते. पण तिथेही दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. त्या लिनक्सला नेहमी लॅपटॉपच्या निम्मीच मेमरी मिळते, आणि हा आकडा युलिमिटमध्ये कुठेच दिसत नाही. शिवाय तिथून नोटपॅडसारखा विंडोजचा प्रोग्राम सुरू केला तर तो लिनक्सच्या मर्यादेत येत नाही, कारण तो त्या कर्नलचा नाहीच.

आणि काही मुलांकडे लॅपटॉपच नाही. हडपसरहून येणारा एक मुलगा मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाकून प्रयोग करतो. अँड्रॉइडखाली लिनक्सचंच कर्नल आहे, त्यामुळे त्याची बरीचशी यादी ओळखीची येते. पण अँड्रॉइड 12 पासून फोन स्वतःच अशा ॲपमधून जन्मलेल्या प्रोसेस मोजतो आणि सगळ्या मिळून 32 च्या वर गेल्या की मारायला लागतो. युलिमिटमध्ये हे 32 कुठेही लिहिलेलं नसतं. त्याचा प्रोग्राम मधेच मरायचा आणि तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसायचा. तीन रात्री त्याने घालवल्या होत्या.

शुद्ध लिनक्सवरही पाट्या आहेतच. ‘-एम’ ही प्रत्यक्ष मेमरीची ओळ यादीत दिसते, आकडा बदलताही येतो, पण आजचं लिनक्स कर्नल ती मर्यादा अजिबात लावत नाही. मेमरी खरोखर अडवायची तर ‘-व्ही’ वापरावं लागतं. मॅन्युअलमध्ये ‘-एम’चा प्रयोग छापलेला मी स्वतः पाहिलाय, खाली ‘प्रोग्राम थांबला’ असं उत्तरही छापलेलं. तो प्रयोग लिहिणाऱ्याने कधी करून बघितलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

महोदय, माझं मागणं फार मोठं नाही. मॅन्युअलमध्ये जिथे यादी छापली आहे तिथे वर एक ओळ छापावी, ही यादी कोणत्या यंत्रणेवरची आणि कोणत्या शेलमधली. विद्यार्थ्याच्या जर्नलमध्येही आकड्यांच्या आधी ‘यूनेम -ए’ या, यंत्रणेचं नाव सांगणाऱ्या कमांडचं उत्तर लिहून घ्यावं. ती एक ओळ असती तर त्या मुलीच्या पानावर सिग्विन असं स्वच्छ लिहिलेलं दिसलं असतं, आणि बाणेरच्या मुलाच्या पानावर डार्विन, म्हणजे मॅक. कॉपीचा प्रश्नच उद्भवला नसता. परीक्षकांनी आकडा छापील आकड्याशी जुळवू नये, मुलाला समोर बसवून कमांड द्यायला लावावी आणि ‘असं का आलं?’ विचारावं. ज्याला सांगता येईल त्याला पूर्ण गुण द्यावेत, मग आकडा 256 असो, 1024 असो की 3200. आणि फोर्क बॉम्बचा प्रयोग घरी करायला सांगूच नये. तो लॅबमध्ये, साध्या लॉगिनने, आधी मर्यादा खरोखर लागली आहे हे तपासून, कुणीतरी जाणकार शेजारी उभं असताना करावा.

मला माहीत आहे, परीक्षकांनाही एका दिवसात साठ-सत्तर मुलं तपासायची असतात. पानं उलटता उलटता डोळे थकतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ‘कॉपी?’ हा शब्द एकदा पानावर लिहिला की तो त्या मुलीच्या मनात किती वर्षं राहील, याचा विचार व्हायला हवा. तिच्या वडिलांनी ड्युटीवरून सुटी काढून कॉलेजात जाऊन विचारलं, त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं गेलं. आकड्यांमागचं कारण त्यांना समजावून सांगता येणार नव्हतंच. म्हणून मी ते एका कागदावर लिहून दिलं, तिन्ही यंत्रणांवरच्या याद्या शेजारी-शेजारी छापून जोडल्या आणि त्यांना तो अर्ज पुन्हा द्यायला सांगितला आहे. तो अजून टेबलावरच आहे.

या पत्रामुळे तो कुणीतरी उघडून वाचला तर बरं होईल. कुणा प्राध्यापकांना किंवा परीक्षकांना खात्री करून घ्यायची असेल तर माझ्या घरी एक उबुंटूचं मशीन आहे, एका जुन्या लॅपटॉपवर सिग्विन आहे, आणि शेजाऱ्यांचा मॅक मी मागून आणू शकते. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. तिन्हीवर एकच कमांड देऊन दाखवीन. त्या मुलीलाही बोलावीन, म्हणजे ओरलला जे सांगायचं राहिलं ते तिला सांगता येईल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
धनकवडी, पुणे